जलूदचं पाणी आणि बाबांचा बाँड

२०२३ च्या दिवाळीत भाऊबीजेला मी पुण्याहून इंदूरला माहेरी गेले होते. भाऊबीजेच्या सकाळीच बाबांशी माझं भांडण झालं. कारण अगदी किरकोळ होतं. नळ येऊन गेला होता, बाबांनी खालच्या हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला मोटर लावली आणि ते वर्तमानपत्र घेऊन ओसरीत बसले. टाकी भरली, वाहायला लागली, पाणी भिंतीवरून ओघळत गल्लीत पोचलं, तरी बाबा पेपरातच. मी आंघोळीहून बाहेर आले तेव्हा शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या राहून ओरडत होत्या.

"बाबा, दहा मिनिटं झाली असतील! किती पाणी गेलं बघा!"

"आत्ताच तर लावली मोटर," बाबा म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांचाही आवाज चढला. "मला पाण्याची किंमत शिकवू नकोस. नर्मदेचं पाणी इंदूरला यावं म्हणून आम्ही रस्त्यावर उतरलो होतो. तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता."

हे खरं आहे. १९७० साली इंदूरमध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी मोठं जनआंदोलन झालं, तेव्हा बाबा कॉलेजात होते. त्याआधी शहराची तहान बिलावली तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर यांच्यावर भागायची. शहर वाढलं, तलाव पुरेनात. शेवटी १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी शहरात आलं. त्या दिवसाची गोष्ट आमच्या घरी इतक्या वेळा सांगून झाली आहे की मी ती डोळे मिटून सांगू शकते.

पण त्या सकाळी मला राग आला होता तो वेगळ्याच कारणाने. हेच बाबा दिवसभर घरातले दिवे बंद करत फिरतात. आईने देवघरातला बल्ब विसरला तरी तिला ऐकून घ्यावं लागतं. मग टाकीच्या बाबतीत एवढा निष्काळजीपणा का?

दुपारी जेवणानंतर बाबांनी स्वतःच समेट केला. कपाटातून एक फाइल काढून आणली. "हे बघ, मी नुसता पाणी वाया घालवत नाही." फाइलमध्ये इंदूर महापालिकेच्या हरित बाँडचे कागद होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने हे बाँड सामान्य गुंतवणूकदारांसाठी बाजारात आणले आणि २४४ कोटी रुपये उभे केले. मागणी जवळजवळ सहापट आली होती. व्याज ८.२५ टक्के. पैसा कशासाठी, तर जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. बँकेतून निवृत्त झालेल्या बाबांनी व्याजदर बघून पैसे घातले असतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "व्याज तर आहेच. पण पंप चालवायला सूर्य मिळत असेल तर आपलाही एक पॅनेल असावा म्हटलं."

मुद्दल एकदम परत मिळत नाही, चार भागांत मिळतं. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या वर्षी. "शेवटचा भाग २०३२ ला," बाबा म्हणाले. "तेव्हा मी एक्क्याऐंशीचा असेन. पण मला तो पॅनेल कुठे लागणार आहे ते आत्ताच बघायचंय."

असा आमचा जलूदचा बेत ठरला.

शनिवारी, म्हणजे विधानसभेचं मतदान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही निघालो. बाबा, आई, दहावीतली माझी भाची आणि मी. गाडी दादाची, चालवणार मी. बाबांच्या बोटावरची शाई अजून ताजी होती. राजेंद्रनगरच्या कोपऱ्यावर पोहे-जिलबी झाली, जीरावणाची एक पुडी आईने पर्समध्ये टाकली आणि राऊवरून महूच्या रस्त्याला लागलो. महू म्हणजे आताचं डॉ. आंबेडकर नगर. छावणीतले जुने, रुंद रस्ते आणि मोठी झाडं मागे पडली की माळव्याचं पठार हळूहळू संपायला लागतं. आपण उंचावर आहोत हे इंदूरमध्ये राहणाऱ्याला कधीच जाणवत नाही. ते जाणवतं जाम दरवाजापाशी.

विंध्याच्या अगदी कडेवर, घाटाच्या तोंडाशी हा दगडी दरवाजा उभा आहे. अहिल्याबाईंच्या काळातला. इंदूरहून महेश्वरला जाणारी वाट इथून खाली उतरते. दरवाजाच्या कमानीतून पलीकडे बघितलं की पायाखालची जमीनच संपते आणि खाली खोलवर निमाडचं मैदान पसरलेलं दिसतं. हवा स्वच्छ असली तर दूर नर्मदेची रेघही दिसते म्हणतात. आम्हाला त्या दिवशी धुकंच दिसलं.

"आत्या, आपलं पाणी तिथून येतं?" भाचीने खाली बोट दाखवलं.

"तिथून. सुमारे सत्तर किलोमीटर, आणि हा सगळा डोंगर चढून."

मी आधी सांगायला हवं, माझं कामच पाण्याचं आहे, आणि तरी मी तोवर एकही मोठा पंप पाहिलेला नव्हता. एसजीएसआयटीएसमधून बीई करून मी सॉफ्टवेअरमध्ये शिरले. गेली काही वर्षं आमची टीम इंग्लंडमधल्या एका पाणीपुरवठा कंपनीसाठी काम करते. तिथल्या पाणी कंपन्यांनी २०१९ मध्ये जाहीर केलं की २०३० पर्यंत रोजच्या कामकाजातलं कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणू. त्यामुळे माझ्या पडद्यावर दिवसभर पंपांची छोटी हिरवी चित्रं असतात. दाब, प्रवाह, वीज. चित्र लाल झालं की कुठेतरी काहीतरी बिघडलं. ते चित्र म्हणजे प्रत्यक्षात काय असतं, हे मला माझ्याच गावच्या घाटात कळणार होतं.

भाचीला मी विचारलं, "हजार लिटर पाणी पाचशे मीटर वर न्यायला किती ऊर्जा लागेल? पुस्तकात आहे तुझ्या."

तिने मोबाइलवर आकडेमोड केली. हजार लिटर म्हणजे हजार किलो. गुणिले दहा, गुणिले पाचशे. पन्नास लाख ज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे छत्तीस लाख ज्यूल. "साधारण एक पूर्णांक चार युनिट," ती म्हणाली.

"हे पंप अगदी आदर्श असला तर. पंप आणि मोटर यांच्यात काही ऊर्जा वाया जाते, नळातल्या घर्षणात आणखी थोडी जाते. आणि चढणही पाचशे मीटरांहून जास्तच आहे. दोन युनिट धरून चाल."

आपल्या देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. म्हणजे आपल्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरली की दीड किलोच्या जवळपास. घरची मोटर तेच हजार लिटर दहा मीटर वर चढवते, तिला पाव युनिट पुरतं. ते पाव युनिट आपल्या बिलात दिसतं. घाटातली दोन युनिटं आपल्याला कधीच दिसत नाहीत.

"परवा सकाळी तीनशे लिटर गेलं असेल ना?" भाची म्हणाली. "म्हणजे झाली पॉइंट सहा युनिट. आजोबा, देवघरातला नऊ वॉटचा बल्ब साठ तासांपेक्षा जास्त जळला असता त्यात!"

आई एवढी खूश झालेली मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. बाबा काही बोलले नाहीत. ते दरवाजाच्या दगडावर हात फिरवत खाली बघत होते. मला वाटलं, त्यांना लागलं असेल.

घाट उतरला तशी हवा बदलली. स्वेटर निघाले. निमाडचा उन्हाळा किती कडक असतो याची चुणूक नोव्हेंबरातही लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, अंगणांत लाल मिरच्या वाळत घातलेल्या. मंडलेश्वरला बाबांचे एक जुने ओळखीचे राहतात. मूळचे धारचे, उभी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर केली आणि निवृत्त होऊन नर्मदेकाठीच राहिले. त्यांना आम्ही काकाच म्हणतो. त्यांना गाडीत घेऊन आम्ही जलूदला पोचलो.

आत जायला परवानगी लागते, ती आमच्याकडे नव्हती. पण आवाजाला कुंपण नसतं. फाटकापासून बऱ्याच अंतरावर गाडी उभी केली तरी जमिनीतून एक घुमणारा आवाज पायांत चढत होता. माझ्या पडद्यावरचं ते हिरवं चित्र असं घुमतं हे मला माहीत नव्हतं.

"इथे पाणी नदीतून उचलतात, साफ करतात आणि मग वर पाठवतात," काका सांगत होते. त्यांची मराठी निमाडी-हिंदीच्या वळणाची, ऐकायला गोड. "टप्प्याटप्प्यानं चढवायचं. डोंगराच्या माथ्यावर पोचलं की पुढं उतारानं आपोआप जातं. वीज गेली की भीती असते. चढलेलं पाणी उलटं धावतं. व्हॉल्व्हनं धरलं नाही तर नळ फुटतो."

मी त्यांना विचारलं, "काका, विजेची बचत करायची तर सगळ्यात आधी काय कराल?"

त्यांनी उत्तर द्यायला क्षणही घेतला नाही. "पंप ऐकायचा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पंपाच्या आतलं चाक, म्हणजे इंपेलर, पाण्यातल्या वाळूने झिजतं. बाहेरून काही कळत नाही. पंप चालूच असतो, पाणीही जात असतं, फक्त तेवढ्याच पाण्याला वीज जास्त खातो. जुना कामगार ते आवाजावरून आणि बेअरिंगला हात लावून ओळखायचा. आता त्यासाठी मीटर असतात. दर हजार लिटरमागे किती युनिट, हा एकच आकडा प्रत्येक पंपाचा रोज लिहिला तर कोणता पंप आजारी आहे ते लगेच समजतं. आमच्या इंग्लंडच्या प्रकल्पात याच आकड्यासाठी आम्ही तीन महिने बैठका घेतल्या होत्या. काकांनी तो चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत सांगितला.

टपरीवर आम्ही तासभर बसलो. काकांचं बोलणं, माझं थोडं वाचन आणि भाचीचे प्रश्न यांतून जे हाती लागलं ते इथे लिहिते, कारण पाणी असो, वीज असो की पाइपने येणारा गॅस, अशा कुठल्याही सेवासंस्थेला ते लागू पडतं.

कार्बन कमी करायचा म्हटलं की ऑफिसांना आधी कागद आठवतो. छापील बिलं बंद करू, एसी २४ वर ठेवू, साहेबांच्या गाड्या विजेवर आणू. हे सगळं जरूर करावं. पण जी संस्था रोज लाखो युनिटं पाणी उचलण्यात घालवते, तिचा खरा कार्बन ऑफिसात नसतो, डोंगराच्या चढणीवर असतो. इंदूरच्या नर्मदा योजनेचं विजेचं बिल महिन्याला वीस कोटींच्या पलीकडे जातं. त्यात ऑफिसातले दिवे कुठे शोधायचे?

म्हणून पहिलं काम मोजणं. दुसरं, झिजलेले पंप वेळेवर दुरुस्त करणं किंवा बदलणं. तिसरं, पाणी घाईने न ढकलणं. नळातून दुप्पट वेगाने पाणी नेलं तर घर्षणाचा भार साधारण चौपट होतो. म्हणून चार तास जोरात पंप चालवण्यापेक्षा आठ तास संथ चालवलेला स्वस्त पडतो. त्यासाठी वाटेत साठवणीच्या टाक्या पुरेशा हव्यात.

चौथं काम गळती शोधणं, आणि इथे मला एक गोष्ट पहिल्यांदाच नीट समजली. जलूदला नदीकाठी एक लिटर गळलं तर पाणी नदीतच जातं, वीज फारशी गेलेली नसते. तेच लिटर शहरातल्या नळातून, किंवा आपल्या गच्चीवरच्या टाकीतून गळलं, तर ते सगळा विंध्य चढून आलेलं असतं. लिटर तेच, पण जितकं आपल्या घराच्या जवळ गळेल तितकं महाग. त्यामुळे शहराचे छोटे विभाग पाडून प्रत्येकात किती पाणी आलं आणि किती वापरलं गेलं याचा ताळा ठेवणं हे पंप बदलण्याइतकंच मोलाचं काम आहे.

पाचवं, जिथे नर्मदेचं पाणी लागत नाही तिथे ते वापरायचंच नाही. बागा, रस्ते धुणं, बांधकाम यांना शुद्ध केलेलं सांडपाणी चालतं. इंदूर २०२१ मध्ये देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर ठरलं ते सांडपाण्याच्या अशाच व्यवस्थेमुळे. शहराजवळचे जुने तलाव सांभाळणंही यातच आलं. यशवंत सागरचं पाणी विंध्य चढून येत नाही.

आणि मग सहावा सूर्य.

"तिकडे लागणार म्हणतात तुमचे पॅनेल," काकांनी एका दिशेला हात केला. खडकाळ, उताराची, झुडपांची जमीन. बाबा उठून थोडे पुढे गेले आणि कपाळावर हात धरून बघत राहिले. बघण्यासारखं तिथे अजून काहीच नव्हतं. भाचीने त्यांचा फोटो काढला. मागे मोकळं माळरान आणि पुढे शाई लावलेलं बोट दाखवणारे बाबा.

मी मनात हिशोब केला. एक मेगावॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण चार हजार युनिटं देतात. साठ मेगावॉटचे झाले दोन लाख चाळीस हजार. रोज चाळीस कोटी लिटर पाणी वर जातं असं धरलं तर वीज लागेल आठ लाख युनिटांच्या घरात. म्हणजे एवढा मोठा प्रकल्प, एवढ्या लोकांचे पैसे, आणि तरी सूर्य साधारण तिसरा हिस्सा उचलेल. तोही दिवसा. पंप तर रात्रीही चालतात. तिसरा हिस्सा ही फार मोठी गोष्ट आहे. पण उरलेले दोन हिस्से पंपघरातली माणसं आणि आपण मिळूनच कमी करायचे आहेत. वाया गेलेलं पाणी सौर विजेने चढवलं म्हणून ते वाया गेलेलं राहत नाही असं थोडंच आहे?

हे मी बाबांना सांगावं की नाही या विचारात होते. तेवढ्यात मागून काकांचा मोठ्ठा आवाज आला. दोघं टपरीच्या बाकावर शेजारी बसून एकमेकांशी ओरडून बोलत होते.

"माझे कान या पंपांनी खाल्ले!" काका म्हणाले. "घरी टाकी वाहते, मला पत्ता नसतो. बायको येऊन सांगते!"

बाबा हसले. "माझंही तेच झालंय हल्ली. पूर्वी टाकी भरली की पाणी पडल्याचा आवाज यायचा, मी उठून मोटर बंद करायचो. वर्षभर झालं, तो आवाजच येत नाही. पोरं म्हणतात लक्ष नाही. काय सांगायचं त्यांना?"

मी दोन पावलांवर उभी होते. त्यांनी मला पाहिलं नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि तिलाही हे आत्ताच कळत होतं हे मला दिसलं.

निष्काळजीपणा नव्हताच. पन्नास वर्षं बाबा कानांनी टाकी मोजत होते. कान मंदावले, आणि हे आम्हाला सांगण्याऐवजी त्यांनी आमचं ओरडणं सोसलं. झिजलेला पंपही बाहेरून चालूच दिसतो, हे मी तासाभरापूर्वीच वहीत लिहून घेतलं होतं.

संध्याकाळी महेश्वरला घाटावर बसलो. अहिल्याबाईंनी राजधानी केलेलं हे गाव. किल्ल्याच्या भिंती, पायऱ्या, पाण्यावर झुकलेला उजेड. पायऱ्यांवर परिक्रमेला निघालेलं एक मराठी जोडपं भेटलं. त्यांच्या झोळीत नर्मदेच्या पाण्याची छोटी कुपी होती, परिक्रमा संपेपर्यंत जपायची. बाबा त्यांच्याशी बोलत होते आणि मी पहिल्यांदाच लक्ष देऊन बघत होते, की बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या ओठांवर असते.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी. म्हटलं, "बाबा, सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. आणि टाकीला फ्लोट स्विच बसवू. भरली की मोटर आपोआप बंद."

ते थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले. "स्विच कितीला येतो?"

"तुमच्या बाँडच्या एका वर्षाच्या व्याजात येईल."

"मग बसव," ते म्हणाले.

सोमवारी स्विच बसला. कानांची तपासणी झाली आणि महिनाभराने यंत्रही आलं. आता आमच्या फोनवरच्या गप्पा लांबल्या आहेत. मला एवढंच सांगायचंय, तुमच्या घरी नळाचं पाणी कुठून येतं, किती उंच चढून येतं, हे एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन बघून या. हैदराबाद असो, बडोदा असो की बेळगाव, पाणी कुठून तरी येतच असतं. आणि घरची टाकी वाहत असेल तर ओरडण्याआधी एकदा विचारा, ऐकू येतंय ना?